दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला जुन्या मैत्रिणींकडे जायचं तर

ज्या शिक्षकांची पहिली नेमणूक परजिल्ह्यात झाली, उमेदीची वर्षं तिथं गेली आणि मग आंतरजिल्हा बदलीनं जे आपल्या गावाकडं आले, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझी सुरुवात नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातली. शिक्षणसेवक म्हणून महिना ३००० रुपये मानधन होतं. पेठमध्ये एका खोलीत आम्ही पाचजणी राहायचो. गॅस एकीचा, कुकर दुसरीचा, पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे सगळ्यांचे एकाच दोरीवर. पुढं मी बदलीनं परभणी जिल्ह्यात, सेलूकडं आले. बाकीच्या चौघी नाशिकच्याच झाल्या. एक सिडकोत राहते, एक पंचवटीत, एक नाशिकरोडला जेलरोडवर आणि एक गंगापूररोडला. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडं जाते. कधी जावं, कसं जावं, गेल्यावर काय करावं, याबद्दल माझी मतं आता पक्की झाली आहेत.

सगळ्यात मोठं मत आधीच सांगते. मैत्रिणीला तुमच्यासाठी वेळ काढायला लावू नका, तिच्या वेळेत तुम्ही शिरा. ती भाजी आणायला जाते तेव्हा सोबत जा, तिच्या सासूबाईंना डॉक्टरकडं न्यायचं असेल तर रिक्षात तिच्याशेजारी बसा, तिच्या निवडायच्या मेथीतली अर्धी जुडी तुम्ही निवडा. चांगलं बोलणं अशा वेळीच होतं. समोरासमोर खुर्च्यांवर बसलं की दोघी एकमेकींना मुलांचे मार्क सांगत राहतो.

तारीख कशी धरायची

उन्हाळ्याची सुट्टी लांब असते, पण तिच्यात लग्नं असतात, प्रशिक्षणं असतात आणि मराठवाड्यातून निघायचं म्हणजे प्रवासाचं ऊन असतं. दिवाळीची सुट्टी बरी. त्यातही भाऊबीज होईपर्यंत जायचं नाव काढू नका. तोपर्यंत मैत्रीण एकतर माहेरी असते, नाहीतर तिच्याकडं नणंदा आलेल्या असतात. भाऊबीजेनंतर घरं रिकामी होतात, डब्यांत फराळ शिल्लक असतो, शाळा उघडायला अजून अवकाश असतो. कार्तिकी एकादशीनंतर तुळशीची लग्नं सुरू झाली की माणसांच्या लग्नांच्या पत्रिका येऊ लागतात आणि कुणी मोकळं राहत नाही. भाऊबीज ते तुळशीचं लग्न एवढाच पट्टा आपल्याला मिळतो. चौघींना एकाच वेळी विचारत बसू नका, कारण ग्रुपवर तारीख टाकली की प्रत्येकजण दुसरीचं उत्तर येण्याची वाट बघते. मी आधी जिला सगळ्यांत कमी मोकळीक आहे तिला फोन करते. तिची तारीख पक्की झाली की बाकीच्यांना तारीख कळवायची, विचारायची नाही.

या पट्ट्यात एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे द्राक्षं. नाशिकला जातेय म्हटल्यावर शेजारणी द्राक्षं आणायला सांगतात, त्यांना आधीच नाही म्हणा. बागांची गोड्या छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास होते. दिवाळीत बागेत फुटवे आणि कोवळे घड असतात, खायचा माल जानेवारीपासून पुढं. उलट नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला तर बागाईतदारांच्या घरात जेवण जात नाही. ओझर, पिंपळगावकडच्या कुणाच्या घरी जाणार असाल तर हे ध्यानात ठेवून बोला. आणि स्वेटर घ्या. निफाडचा पारा महाराष्ट्रात सगळ्यात खाली गेल्याची बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो, नाशिकच्या पहाटेलाही सेलूची चादर पुरत नाही.

शाळेचं आवरून निघा

प्रथम सत्राचे पेपर तपासून, निकालपत्रकं लिहून, मुख्याध्यापकांकडं देऊन मगच निघा, हे सांगायला नको. पण सुट्टीतही केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर ‘आजच माहिती भरावी’ असा मेसेज येतोच. त्यासाठी पटाची माहिती, यू-डायसची (शाळेच्या माहितीची सरकारी) नोंद, पोषण आहाराच्या शिल्लक धान्याचा आकडा आणि स्वतःच्या सेवेची सगळी तपशीलवार तारीखवारी यांचे स्वच्छ फोटो मोबाईलमध्ये एका फोल्डरला ठेवा. मग मैत्रिणीच्या घरी बसून दोन मिनिटांत माहिती जाते. बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम असेल तर त्या काळात मतदारयादीचा कार्यक्रम लागला आहे का ते तहसीलमध्ये विचारून घ्या. मुख्यालय सोडत असल्याचा साधा अर्ज देऊन ठेवा. त्याला पाच मिनिटं लागतात आणि डोक्याला शांतता राहते.

घरच्यांना सोबत न्यायचं का? मी नेत नाही. नवरे एकमेकांशी बोलत बसतात हे खरं, पण मग चहा, नाश्ता, जेवण यांच्या वेळा पुरुषांच्या होतात आणि दोघी मैत्रिणी स्वयंपाकघरात अडकतात. सासूबाईंच्या गोळ्यांचा चार्ट फ्रिजवर लावा, भाकरीवाल्या मावशींना सांगून ठेवा आणि एकट्या निघा. वर्षभर सगळ्यांचं करणाऱ्या बाईला हे मागायचा हक्क आहे.

प्रवास

आमच्या बाजूनं तपोवन एक्स्प्रेस सोयीची. नांदेडहून सकाळी निघते, परभणी, सेलू, परतूर, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड करत संध्याकाळी नाशिकरोडला पोचते. दिवसाची गाडी असल्यामुळं एकट्या बाईला बरी. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. सुट्ट्यांची यादी आपल्याला जूनमध्येच मिळालेली असते, तेव्हा गणपतीच्या आसपास कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि तिकीट काढून टाका. दिवाळीनंतर पुण्या-मुंबईला परतणाऱ्या लोकांची गर्दी मोठी असते, ऐनवेळी जागा मिळत नाही. रेल्वे जमलं नाही तर एसटी आहेच. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे.

नवीन माणसाचा एक गोंधळ होतो. नाशिकरोड स्टेशन आणि मूळ नाशिक शहर यांत नऊ-दहा किलोमीटरचं अंतर आहे. स्टेशनवर उतरलो म्हणजे पंचवटीत पोचलो असं नाही. स्टेशनबाहेरून सिटीलिंकच्या बसा मिळतात, द्वारका-शालिमारकडं शेअर रिक्षाही जातात. मैत्रिणीच्या नवऱ्याला गाडी घेऊन बोलावू नका. संध्याकाळी द्वारका चौकात काय गर्दी असते ते त्यालाच ठाऊक.

सोबत काय न्यायचं? दिवाळीनंतर कुणाकडं चिवडा-लाडू घेऊन जाणं म्हणजे त्यांच्या डब्यांत भर. मी शाळू ज्वारी नेते, आणि घाण्याचं करडईचं तेल. ज्वारी परभणीकडची चांगली, नाशिकला तशी चव मिळत नाही असं चौघीही म्हणतात. तेलाची बाटली तोंडाला प्लास्टिक बांधून, स्टीलच्या डब्यात उभी ठेवून न्या. साड्या, शोपीस, भिंतीवरची घड्याळं नकोत. घेणाऱ्यावर परतफेडीचा भार येतो आणि पुढच्या वेळी ती तुम्हाला साडी दिल्याशिवाय सोडत नाही.

मुक्काम एकाच घरी

चौघींचाही आग्रह असतो. रोज एका घरी मुक्काम केला तर रोज बॅग भरायची, रोज नव्या घरात गीझरचं बटण शोधायचं, आणि प्रत्येक घरात पहिल्या दिवसाचा पाहुणचार. मुक्काम एकाच घरी ठेवा. सगळ्यात जास्त आग्रह करणारीकडं राहावं असं मुळीच नाही. जिच्याकडं रात्री उशिरापर्यंत बोललं तरी कुणाची झोप मोडत नाही, तिच्याकडं राहावं. माझ्यासाठी ते सिडकोतलं घर. मुलगा पुण्याला असतो, वरची खोली रिकामी असते.

सिडकोतली घरं मूळची लहान, नंतर लोकांनी वर मजले चढवलेले, गल्ल्या अरुंद. पण या भागासारखी माणसांची वर्दळ मला दुसरीकडं दिसली नाही. संध्याकाळी पवननगरच्या भाजीबाजारात जायचं. पैसे मी देते, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते. मुक्कामाला राहणाऱ्या बाईनं त्या दिवसांची भाजी, दूध, फळं आपल्याकडं घ्यावीत. वाद घालायचा नाही, सरळ भाजीवाल्याचा क्यूआर कोड स्कॅन करायचा. सकाळचं पोळ्या लाटण्याचं कामही वाटून घ्या. खोलीत राहायचो तेव्हा ती लाटायची आणि मी भाजायचे. आजही तसंच करतो आणि त्या अर्ध्या तासात मला तिच्या घरातलं सगळं कळतं.

पांडवलेणी सिडकोपासून जवळ आहेत. तिथं सकाळी लवकर जा, उन्हात नको. त्रिरश्मी डोंगरावर २४ लेणी आहेत, पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आणि बुद्धविहार. चढायला पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्या मैत्रिणीला घाई करू नका, मध्ये मध्ये थांबून खाली पसरलेलं शहर बघा. आपण सहावीच्या वर्गाला सातवाहन शिकवतो. गौतमीपुत्र सातकर्णीचं ‘त्रिसमुद्रतोयपीतवाहन’ हे बिरुद फळ्यावर लिहून मुलांकडून म्हणवून घेतो. त्याची आई गौतमी बलश्री हिनं कोरवून घेतलेला तो लेख इथंच तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. दहाव्या लेण्यात गौतमीपुत्रानं हरवलेल्या क्षत्रप राजा नहपानाच्या काळचे, त्याचा जावई उषवदात याच्या दानाचे लेख आहेत. म्हणजे हरलेल्या आणि जिंकलेल्या दोन्ही घराण्यांची अक्षरं एकाच डोंगरात, काही पावलांवर. मी तिथं मोबाईलवर लेखाचा फोटो काढते आणि तोच वर्गात दाखवते. लेकरांना पुस्तकातला उतारा आणि दगडावरची अक्षरं यांचा संबंध कळला की ती प्रश्न विचारू लागतात. ज्या शिक्षिकेकडं इतिहास विषय आहे तिनं हा अर्धा दिवस सोडू नये.

जिच्या घरी दुःख आहे तिच्याकडं आधी

आमच्यातल्या नाशिकरोडच्या मैत्रिणीचे यजमान गेले. त्यानंतरची पहिली दिवाळी आली तेव्हा मला कळत नव्हतं की जावं की न जावं. जावं. आणि सगळ्यांत आधी जावं, एकटीनं जावं. चौघी मिळून गेलं की ती चहा करण्यात गुंतते आणि जाताना प्रत्येकजण तिच्या खांद्यावर हात ठेवते, यातून तिला काही मिळत नाही.

फराळ नेऊ नका असं वर लिहिलं, त्याला हे घर अपवाद. वर्षाच्या आत अशा घरात कढई चढत नाही, नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी फराळ द्यायचा असतो. लांबून येणाऱ्या माणसाला वाटतं की एव्हाना कुणीतरी दिलाच असेल. दिला असला तरी तुम्ही न्या. मी करंज्या आणि चकल्या वेगळ्या डब्यात भरून नेते, डबा तिथंच ठेवते.

गेल्यावर पेन्शनचं, विम्याचं, अनुकंपाचं कुठवर आलं ते विचारा. ‘कशी आहेस’ याला ती ‘बरी आहे’ म्हणणार. कागदांचं विचारलं की ती खरं बोलते. एखाद्या कार्यालयात फेऱ्या मारून ती थकलेली असते आणि सोबत कुणी येईल का हे तिला विचारता येत नाही. सुट्टी आपल्याला आहे, सोबत जा. फाईल कुठल्या टेबलावर आहे हे दोघींनी विचारलं तर उत्तर लवकर मिळतं. तिथून येताना मुक्तिधामला बसा. संगमरवरी मंदिर, भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय कोरलेले. तिला वाचायचं असेल तर वाचू द्या, नसेल तर नुसतं बसा. तिच्या नवऱ्याचं नाव बोलण्यात येऊ द्या. सगळे ते नाव टाळतात, आणि तिला ते ऐकायचं असतं.

पंचवटी

पंचवटीतल्या मैत्रिणीकडं मी बुधवार बघून जाते. गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो. भाजी, भांडी, कपडे, सुकट, मसाले, सगळं. ती अजूनही आठवड्याची भाजी तिथूनच आणते. दोन पिशव्या घेऊन तिच्यामागून चालायचं. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, त्याची कामं सुरू आहेत, त्यामुळं रिक्षा जिथं सोडेल तिथून चालायची तयारी ठेवा आणि सपाट चप्पल घाला. घाटावर दुतोंड्या मारुती आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं त्यावरून पुराचा अंदाज सांगतात. दिवाळीत तो पूर्ण कोरडा दिसतो. जवळच नारोशंकराचं देऊळ आणि त्याची घंटा.

काळाराम मंदिरात दुपारी गर्दी कमी असते. काळ्या दगडाचं देऊळ, आवार मोठं. दर्शन घ्या किंवा घेऊ नका, पण दरवाजाशी थांबा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथं सुरू झाला. देवळात जायला माणसांना या दरवाजाशी अडवलं होतं, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतं. माझी मैत्रीण आपल्या वर्गाला इथं आणते, दरवाजाबाहेर उभं करते आणि मुलांना विचारते की आता आत जाऊ का. मग त्या तारखेची गोष्ट सांगते. तिची ती पद्धत मी तिच्याकडून घेतली. आमच्या गावात काळाराम नाही, पण पाणवठा आहे, मी मुलांना तिथं उभं करते. दोन शिक्षिका भेटल्यावर शाळेचं बोलू नये असं घरचे म्हणतात. मला ते पटत नाही. बदल्या, वेतन, साहेब यांच्याविषयीचं बोलणं थोडं झालं की थांबवावं, पण वर्गात काय जमलं आणि कोणत्या लेकराला अजून वाचता येत नाही हे बोलायला आम्हाला एकमेकींखेरीज कोण आहे?

खायचं म्हणाल तर मेनरोडचा सायंतारा साबुदाणा वडा गरम असताना खा. मिसळीचं थोडं वेगळं आहे. नाशिकला गेलं की सगळे मिसळ खायला चला म्हणतात, आणि ती खावीच. मटकी, वर शेव, काळ्या मसाल्याचा किंवा लाल रस्सा, पापड, दही, पाव. शहराबाहेर मळ्यांमध्ये मिसळीची मोठी ठिकाणं झाली आहेत, चुलीवरची, जिलेबीसकट. पण रविवारी तिथं पाचजणींची भेट ठरवू नका. नंबर लागायला वेळ जातो, बसलं की मागं माणसं उभी असतात आणि गोष्ट रंगात आली की उठावं लागतं. मिसळ दोघींनी मधल्या वारी सकाळी खावी.

मोठ्या पदावर गेलेली मैत्रीण

गंगापूररोडची मैत्रीण केंद्रप्रमुख झाली, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी. अशा मैत्रिणीकडं जाताना आपल्या नात्यातल्या कुणाच्या बदलीचं, समायोजनाचं काम घेऊन जाऊ नका. सुट्टीतही तिचा फोन सतत वाजतो. रागावू नका, ती फोनवर असताना तिच्या बागेतल्या कुंड्यांना पाणी घाला. तिच्याबरोबर मी कुसुमाग्रज स्मारकात जाते. आम्ही पेठला असताना २७ फेब्रुवारीला तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, वाढदिवसाचा मराठी भाषा गौरव दिन करायचो. ज्यांच्या घरी कोकणा बोली बोलतात त्या मुलांना त्यांच्याच बोलीतली गाणी म्हणायला लावायची कल्पना हिचीच. स्मारकात कार्यक्रम असला तर तिला फोन बंद ठेवायला सबळ कारण मिळतं.

पेठला जाणं

हा दिवस ठेवाच. नाशिकहून पेठ ५०-५५ किलोमीटर, पेठरोडनं सरळ, वाटेत सावळ घाट. एसटीनं जा, सकाळची पकडा. दिवाळीत या पट्ट्यात भाताची कापणी आणि झोडणी चाललेली असते, नागलीही काढणीला आलेली असते. माणसं खळ्यावर भेटतात, घरी नाही.

तारखेचा सगळा हिशोब मी या दिवसासाठीही करते. पेठ-सुरगाण्याची कुटुंबं भाताचं आटोपलं की द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडं टोळीनं जातात. घडांची विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) अशी कामं असतात, बऱ्याचदा मुलंही सोबत जातात. आपण तिथं शिकवत होतो तेव्हा दिवाळीनंतर वर्ग अर्धा व्हायचा तो यामुळंच. उशिरा गेलात तर दारांना कुलपं. भाऊबीजेनंतर लगेच गेलं तर गाव भेटतं.

जाण्याआधी एक काम करा. पाठाची तयारी लिहायच्या आपल्या जुन्या टाचणवह्या असतील, त्यांत किंवा जुन्या फोटोंच्या मागं मुलांची नावं असतात. ती एका कागदावर उतरवा, कोण कुठं बसायचं तेही. माझे तिथले पहिलीचे विद्यार्थी आता बापे झाले आहेत, दाढी-मिशा आल्या आहेत, चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत. त्यांना आपण ओळखू येतो. रस्त्यात कुणी ‘मॅडम’ म्हणून थांबला आणि आपल्याला नाव सांगता आलं तर त्याला जे वाटतं ते मी पाहिलं आहे, म्हणून हा कागद. प्रवासात तो वाचत जा.

शाळेला सुट्टी असते, किल्ली कुणाकडं असेल ते आधी फोन करून विचारा. सध्याच्या गुरुजींना कळवल्याशिवाय शाळा उघडू नका, ती आता त्यांची आहे. भिंतीवर काय लावलंय ते बघा, चांगलं असेल तर त्यांना कळवा. गावात पैसे वाटू नका, कपडे वाटू नका. मी वाचनाची लहान पुस्तकं नेते आणि ती शाळेच्या नावानं देते. कुणाच्या घरी जेवायला बसवलं तर बसा. नागलीची भाकरी आणि सालीच्या उडदाचं वरण. ‘नको, नको’ म्हणून निम्मं ताट ठेवलं तर त्या घरातली बाई पुढच्या वेळी विचारणार नाही.

यावेळी कुणाची मुलगी डीएड करते आहे, कुणाचा मुलगा नाशिकला सातपूरच्या कारखान्यात लागला आहे, हे कळतं. त्यांचे फोन नंबर घ्या. नाशिकला शिकणाऱ्या मुलीला शहरात एखादी ओळखीची बाई लागते, आणि तुमच्या चार मैत्रिणी तिथंच राहतात. पंचवटीतल्या मैत्रिणीकडं आमच्या गावची एक मुलगी आठवड्यातून एकदा जेवायला येते ती अशाच एका फेरीतून. शेवटची परतीची एसटी किती वाजता ते उतरतानाच स्टँडवर विचारा, घाटात अंधार लवकर पडतो.

सगळ्याजणी एकत्र

एकच संध्याकाळ, आणि ती घरी. हॉटेलात नको. प्रत्येकीला एकटीला भेटून झाल्यावर ही संध्याकाळ ठेवा, शेवटच्या आदल्या दिवशी. आधी ठेवली तर एकटीनं सांगायच्या गोष्टी तोंडावर येऊन मागं जातात. आम्ही सिडकोतल्या घराच्या गच्चीवर बसतो. स्वयंपाक खोलीतल्यासारखा, पिठलं-भाकरी, कांदा, ठेचा, आणि जिला जे यायचं तेच तिनं करायचं. मुलांच्या नोकऱ्या-पगारांची तुलना सुरू झाली की मी सरळ विषय बदलते. जिचा मुलगा घरी बसून आहे ती तेव्हापासून गप्प होते, आणि आपण एवढ्या लांबून तिला गप्प करायला आलेलो नसतो. तब्येतीचं मात्र स्पष्ट विचारा. आमच्या वयाला शुगर, थायरॉईड, गर्भाशयाच्या तक्रारी सुरू झालेल्या असतात आणि शिक्षिका तपासणी पुढं ढकलत राहते, आधी सहामाही, मग गॅदरिंग, मग वार्षिक. त्या गच्चीवरच दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट फोन करून घेतलेली मी पाहिली आहे. आम्हीच घ्यायला लावली.

परत निघताना

परतीची तपोवन सकाळी नाशिकरोडला येते. सिडकोहून सकाळच्या गर्दीत निघण्यापेक्षा शेवटची रात्र जेलरोडच्या मैत्रिणीकडं काढा. मुक्काम एकाच घरी असं म्हटलं, पण ही एक रात्र तिची. तिच्याकडं आधी गेलो होतो ते दुःखाच्या भेटीला, आता नुसतं राहायला. टीव्ही लावा, मालिका बघा, तिच्या मुलीच्या हातचा चहा प्या.

घरी न्यायला कोंडाजी चिवडा एका पुड्यापेक्षा जास्त घेऊ नका, प्रवासात चुरा होतो. मनुके घ्या, नागलीचं पीठ घ्या. तांब्या-पितळेचं काही हवं असेल तर भांडीबाजारात पंचवटीच्या दिवशीच घेऊन टाका, शेवटच्या दिवसावर ठेवू नका, वजन घेऊन जिना चढावा लागतो. डबा तिनं भरून दिला तर घ्या आणि रिकामा डबा कुरिअर करायच्या भानगडीत पडू नका. तो पुढच्या दिवाळीपर्यंत आपल्याकडं राहू द्या. गाडी मनमाड सोडेपर्यंत चौघींना एकेक वेगळा मेसेज करा, ग्रुपवर एकच नको. पेठमध्ये ज्या मुलांचे नंबर घेतले ते त्याच वेळी चौघींना पाठवा, म्हणजे सोमवारी शाळा उघडायच्या आत त्यातला निदान एक फोन कुणीतरी केलेला असतो.